मद्यजन्य अस्थिविकार आणि वनौषधी : दाव्यांची चिकित्सा

प्रस्तावना

मद्यपानाच्या दुष्परिणामांची चर्चा प्रामुख्याने यकृत, मेंदू आणि हृदय यांच्याभोवती फिरते. अस्थिसंस्थेवर होणाऱ्या परिणामांकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष त्या मानाने उशिरा गेले. १९६५ मध्ये सॅव्हिल यांनी वय, मद्यासक्ती आणि हाडांचे वस्तुमान यांचा परस्परसंबंध दाखविला. त्यानंतरच्या काळात दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तींची हाडे वयाच्या मानाने विरळ होतात, ती मोडण्याचा धोका वाढतो आणि मोडलेले हाड सांधण्यास विलंब लागतो, या गोष्टी अनेक अभ्यासांतून स्पष्ट होत गेल्या. याच सुमारास वनौषधींच्या संशोधनालाही वेग आला. अस्थिविकारांवर उपयुक्त म्हणून हाडजोड, अर्जुन, अश्वगंधा, लाख, गुग्गुळ, विदारीकंद, बावची अशा द्रव्यांची नावे शोधनिबंधांतून, औषधांच्या वेष्टनांवरून आणि लोकप्रिय लेखांतून वारंवार येऊ लागली. 'मद्यामुळे झिजलेल्या हाडांवर अमुक वनस्पती गुणकारी' असे विधान आता सहज केले जाते.

प्रस्तुत लेखात या विधानाची तपासणी केली आहे. वनौषधी निरुपयोगी आहेत असे प्रतिपादन करण्याचा येथे हेतू नाही, तसेच परंपरेचा गौरव करणे हाही हेतू नाही. हा दावा कोणत्या पुराव्यावर उभा आहे, त्या पुराव्यातून तो निष्पन्न होतो काय आणि त्यात कोणती गोष्ट नजरेआड होते, एवढेच पाहावयाचे आहे. या तपासणीतून एक मुद्दा प्रकर्षाने पुढे येतो. मद्यजन्य अस्थिविकाराचा पहिला उपचार मद्यत्याग हा आहे. वनौषधींविषयीचे बहुतेक लेखन आणि प्रयोग मात्र मद्यपान सुरूच राहणार असे गृहीत धरून चालतात. आधुनिक विज्ञानाशी तर हे गृहीतक विसंगत आहेच, परंतु ज्या संहितांचा आधार सांगितला जातो त्यांच्याशीही ते जुळत नाही.

एका नावाखाली तीन विकार

'मद्यामुळे हाडांची हानी' हा शब्दप्रयोग सैल आहे. त्यात किमान तीन भिन्न अवस्था येतात.

पहिली अवस्था हाडांच्या विरळतेची, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिसची. हाड ही सतत मोडत आणि बांधली जात असलेली रचना आहे. मद्यार्काचा मुख्य आघात हाड बांधणाऱ्या पेशींवर होतो. त्यांचे कार्य मंदावल्याने झीज भरून निघत नाही. त्यात निकृष्ट आहार, ड जीवनसत्त्वाची कमतरता, मॅग्नेशियमची घट, यकृताचा बिघाड आणि पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनचे घटलेले प्रमाण यांची भर पडते.

दुसरी अवस्था अस्थिभंगाची. कॅनिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन लोकसमूहांतील १६,९७१ स्त्री-पुरुषांच्या माहितीचे विश्लेषण केले. दिवसाला दोन युनिटपर्यंत मद्य घेणाऱ्यांत अस्थिभंगाचा धोका लक्षणीय वाढलेला आढळला नाही. त्यापुढे मात्र कोणत्याही अस्थिभंगाचा धोका १.२३ पट आणि खुब्याच्या अस्थिभंगाचा धोका १.६८ पट दिसून आला. एक युनिट म्हणजे साधारण ८ ते १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क. येथे हेही ध्यानात घ्यावे लागते की मद्यपी व्यक्तीचे हाड केवळ ठिसूळपणामुळे मोडत नाही. नशेत तोल जाऊन पडणे, वाहन घसरणे आणि मारहाण हीदेखील त्याची कारणे असतात. कोणतीही वनस्पती ही कारणे दूर करू शकत नाही.

तिसरी अवस्था सर्वांत गंभीर आहे. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोलाकार भागाचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील हाड मृत होते. वैद्यकीय व्यवहारात हा विकार 'एव्हीएन' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. जपानमध्ये मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ४०० मिलीलिटरपेक्षा कमी शुद्ध मद्यार्क घेणाऱ्यांत सापेक्ष धोका ३.३ पट, ४०० ते १००० मिलीलिटर घेणाऱ्यांत ९.८ पट आणि त्याहून अधिक घेणाऱ्यांत १७.९ पट आढळला. २०१९ मध्ये या विषयातील आंतरराष्ट्रीय संघटनेने मद्यजन्य अस्थिनाशाचे निकष निश्चित केले. सहा महिन्यांहून अधिक काळ आठवड्याला ४०० मिलीलिटरपेक्षा जास्त शुद्ध मद्यार्क, हा त्यातील प्रमुख निकष आहे. आपल्याकडील ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे ९३५ मिलीलिटर, म्हणजे आठवड्याला पाच क्वार्टरांहून किंचित अधिक भरते. रोज एक क्वार्टर घेणारा मनुष्य ही मर्यादा सहज ओलांडतो.

या तीन अवस्थांची कारणे, गती आणि उपचार निरनिराळे आहेत. विरळ झालेले हाड काही प्रमाणात सुधारू शकते. मोडलेले हाड योग्य रीतीने बसविल्यास सांधते. मृत झालेला अस्थिगोल एकदा खचला की तो पूर्ववत होत नाही आणि अनेकदा कृत्रिम सांधा बसविण्यावाचून पर्याय उरत नाही. असे असता 'हाडांना बळकटी देणारी वनस्पती' हे एकच विशेषण तिन्ही अवस्थांना लावणे म्हणजे एका विकारातील पुरावा दुसऱ्या विकाराच्या खात्यावर जमा करणे होय.

ग्रंथाधाराचे स्वरूप

परंपरेचा आधार देताना हाडजोडीचा, म्हणजेच कांडवेलीचा, उल्लेख सर्वाधिक होतो. संस्कृतात तिला अस्थिसंहार किंवा अस्थिशृंखला म्हणतात. चक्रदत्त या अकराव्या शतकातील ग्रंथात आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात तिचे अस्थिसंधानाच्या संदर्भात वर्णन येते. लाख, हाडजोड, अर्जुन, अश्वगंधा, नागबला आणि गुग्गुळ यांचा लाक्षादि गुग्गुळ हा योग आजही वैद्यांच्या नित्य वापरात आहे. तथापि या साऱ्या उल्लेखांचा अधिकार 'भग्न' या विकारापुरता, म्हणजे हाड मोडणे व सांधा निखळणे यांपुरता आहे. मद्यामुळे क्षीण झालेल्या अस्थींचा तेथे विचार नाही.

मद्याचा विचार संहितांत अन्यत्र येतो. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसावा अध्याय संपूर्णपणे मदात्ययाला वाहिलेला आहे आणि सुश्रुताच्या उत्तरतंत्रातही पानात्ययाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्याचे गुण ओजाच्या गुणांच्या नेमके विरोधी असतात, अशी चरकाची मांडणी आहे. क्षीण झालेल्या मद्यपीसाठी दूध आणि तूप यांवर त्याचा भर आहे. मदात्ययाच्या काही अवस्थांत विधिपूर्वक, मोजून दिलेल्या मद्याचाच उपयोग तो सांगतो. मात्र अध्यायाच्या अखेरीस, सर्व प्रकारच्या मद्यांपासून निवृत्त झालेल्या जितेंद्रिय पुरुषास शारीरिक आणि मानसिक विकार बाधत नाहीत, असा त्याचा अभिप्राय आहे.

सुश्रुताच्या भग्नचिकित्सेच्या प्रारंभीचे विवेचनही या दृष्टीने लक्षणीय ठरते. अल्प आहार घेणारा, स्वतःवर ताबा नसणारा, वातप्रकृतीचा आणि उपद्रवांनी ग्रस्त अशा रुग्णाचे मोडलेले हाड कष्टाने सांधते, असे तेथे सांगितले आहे. मद्याचा नामोल्लेख तेथे नाही. तरीही आहार तुटलेला आणि संयम सुटलेला दीर्घकाळचा मद्यपी या वर्णनात सहज बसतो. औषधी योजण्यापूर्वी रुग्णाची वर्तणूक आणि आहार पाहावा, हा या मांडणीचा क्रम आहे. आजचा दावा हा क्रम उलटा करतो. तो भग्नाच्या प्रकरणातून वनस्पती उचलतो, मदात्ययाच्या प्रकरणातील संयमाचा आग्रह मात्र सोडून देतो आणि तरीही स्वतःला शास्त्राधारित म्हणवितो.

प्रयोगशाळेतील पुरावा

हाडजोडीवरील आधुनिक संशोधनाचा आरंभ बनारस हिंदू विद्यापीठात झाला. के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत प्राण्यांवर प्रयोग करून ही वनस्पती अस्थिभंग भरून येण्याची क्रिया त्वरेने घडवून आणते, असे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००३ मध्ये मणिपाल येथील अभ्यासात, अंडाशये काढलेल्या उंदरांच्या माद्यांमध्ये हाडजोडीच्या अर्काचा हाडांची विरळता रोखण्यास उपयोग झाल्याचे नोंदविले गेले. २०१५ मध्ये जबडा व चेहऱ्याच्या अस्थिभंगाच्या रुग्णांवर एक प्राथमिक स्वरूपाचा अभ्यासही प्रसिद्ध झाला. हे काम मोलाचे आहे. परंतु निरोगी प्राण्याचे मोडलेले हाड, रजोनिवृत्तीसदृश अवस्थेतील विरळता आणि मद्याने बिघडलेली अस्थिनिर्मिती या तीन वेगळ्या जैविक परिस्थिती आहेत. पहिल्या दोहोंतील यशावरून तिसरीविषयी केवळ अपेक्षा बाळगता येते, निष्कर्ष काढता येत नाही.

मद्यजन्य अस्थिनाशाचा थेट विचार करणारे संशोधन कुडझू या वेलीच्या मुळातील प्युअरारिन या द्रव्यावर झाले आहे. मद्यार्काच्या प्रभावाखाली अस्थिमज्जेतील मूळपेशी हाड घडविण्याऐवजी चरबीच्या पेशींत रूपांतरित होऊ लागतात, हे वांग, कुई आणि सहकाऱ्यांनी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दाखविले. वाढलेली चरबी बंदिस्त जागेत रक्तप्रवाहाला अडथळा करते आणि त्यातून अस्थिनाश संभवतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्याच गटाने २००८ मध्ये प्युअरारिनमुळे हे रूपांतर रोखले जाते, असे पेशी आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून मांडले. कार्यकारणाची साखळी स्पष्ट सांगणारे असे संशोधन या क्षेत्रात विरळा आढळते.

तरीही त्याच्या मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. हा प्रयोग प्रतिबंधाचा आहे. आधीच मृत झालेल्या अस्थिगोलाच्या उपचाराशी त्याचा संबंध नाही. शिवाय कुडझू आणि आपल्याकडील विदारीकंद, म्हणजे घोडवेल, या एकाच प्रजातीच्या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांच्या घटकांत साम्य असले तरी प्रमाण एकसारखे नसते. त्यात भर म्हणजे 'विदारी' आणि 'भुईकोहळा' या नावांखाली निराळ्या कुळातील कंदही वापरात आहेत. एका वनस्पतीवरील प्रयोगाचे श्रेय नावाच्या साम्यामुळे दुसरीला देणे शास्त्रीय शिस्तीत बसत नाही.

प्रयोगांच्या रचनेतील गृहीतक

कुडझूच्याच बाबतीत संशोधनाचा आणखी एक प्रवाह आहे. अस्थिविकारांच्या चर्चेत त्याचा क्वचितच उल्लेख होतो. १९९३ मध्ये क्यूंग आणि व्हॅली यांनी या वनस्पतीतील डेडझिन व डेडझेन या द्रव्यांमुळे हॅमस्टर प्राण्यांचे ऐच्छिक मद्यसेवन घटते, असे दाखविले. मानवांवरील निष्कर्ष मात्र संमिश्र आहेत. २००० मधील एका छोट्या चाचणीत जुनाट मद्यासक्तांची ओढ किंवा व्यसनमुक्ती यांवर कुडझूचा परिणाम आढळला नाही. २००५ मध्ये अमेरिकेत अवघ्या १४ व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात बिअरचे सेवन कमी झाल्याचे नोंदविले गेले. निर्णायक निष्कर्ष काढण्याइतके हे पुरावे सबळ नाहीत. तथापि प्रश्न विचारण्याची दिशा येथे योग्य आहे. ही वनस्पती मद्याचे प्रमाण कमी करते काय, हा तो प्रश्न होय.

अस्थिसंशोधनातील प्राणिप्रयोगांची ठरावीक रचना याहून वेगळी असते. एका गटाला मद्यार्क, दुसऱ्याला मद्यार्क अधिक वनस्पती आणि तिसऱ्याला काहीच नाही, अशी विभागणी केली जाते. मद्यार्क थांबविलेला गट अनेकदा ठेवलाच जात नाही. परिणामी वनस्पतीची तुलना मद्यत्यागाशी कधी होतच नाही. वास्तविक मद्यत्यागाचा परिणाम मानवांत नोंदलेला आहे. बार्सिलोना येथील पेरिस आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दोन वर्षे मद्य वर्ज्य केलेल्या मद्यासक्तांच्या अस्थिवस्तुमानात सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. कोणत्याही नव्या उपचाराने किमान या परिणामाशी तुलना करून स्वतःची अधिक उपयुक्तता सिद्ध करावी, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

ही अपेक्षा केवळ वनौषधींकडूनच केली जाते, असेही नाही. एव्हीएनमध्ये ॲलेन्ड्रोनेट या आधुनिक औषधाचे उत्साहवर्धक निष्कर्ष मुंबईतील अस्थिरोगतज्ज्ञांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्या अभ्यासात तुलनेसाठी निष्क्रिय औषधाचा गट नव्हता. २०१२ मध्ये तैवानमधील बहुकेंद्री, दुहेरी अंध चाचणीत मात्र त्याच औषधाचा लक्षणीय लाभ दिसला नाही. आधुनिक औषधाला जी कसोटी लागते तीच वनस्पतीलाही लागावी. सौम्य मानून तिला सवलत देण्यात अखेर रुग्णाचेच नुकसान होते.

यकृताचा प्रश्न

मद्यजन्य अस्थिविकाराच्या रुग्णाचे यकृत बहुधा आधीच दुखावलेले असते. अस्थींसाठी सुचविल्या जाणाऱ्या द्रव्यांची छाननी म्हणूनच यकृताच्या अंगानेही व्हावयास हवी. चिनी परंपरेत हाडांसाठी वापरल्या जाणाऱ्या बावचीमुळे यकृताला इजा झाल्याच्या तीन रुग्णांची नोंद हाँगकाँगमधून २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. अश्वगंधायुक्त पूरकांशी संबंधित यकृतविकाराच्या पाच रुग्णांची माहिती २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतील संशोधकांनी दिली. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तर २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतील ४३ रुग्णांची माहिती पुढे आली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला आणि वनस्पतीची ओळख पटविण्यात गफलत झाली असावी, अशी शक्यता मांडली. वाद कोणत्याही बाजूने सुटो, दुखावलेल्या यकृताच्या रुग्णाला तपासणीविना दीर्घकाळ वनौषधी देणे सुरक्षित मानता येणार नाही, एवढे त्यातून निश्चित होते.

याहून ठळक विसंगती आसव-अरिष्टांची आहे. अश्वगंधारिष्ट, बलारिष्ट, द्राक्षासव यांसारखे कल्प आंबवून सिद्ध केले जातात आणि त्यांत स्वयंजनित मद्यार्क असतो. त्याचे प्रमाण सामान्यतः पाच टक्क्यांपासून दहा-बारा टक्क्यांपर्यंत आढळते. औषधी मात्रेत ते अल्प ठरते. परंतु नुकतेच मद्य सोडलेल्या रुग्णासाठी अल्प प्रमाणही व्यसनाकडे परतण्याचे निमित्त होऊ शकते. जो रुग्ण मद्यत्यागासाठी डायसल्फिरामच्या गोळ्या घेत आहे त्याला अशा कल्पामुळे चेहरा लाल होणे, उलटी, छातीत धडधड आणि रक्तदाब घसरणे अशा प्रतिक्रियेचा धोका असतो. हाडांसाठी दिलेले बलवर्धक औषध व्यसनमुक्तीच्या उपचारालाच बाधक ठरावे, ही शक्यता संबंधित लेखनात अभावानेच विचारात घेतलेली दिसते.

महाविद्यालयीन संशोधनाची भूमिका

महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांतून लोकवैद्यकाची सर्वेक्षणे आणि वनस्पतींच्या अर्कांचे अभ्यास होत असतात. स्थानिक ज्ञानाची नोंद म्हणून त्यांचे मूल्य निर्विवाद आहे. या अभ्यासांतील एखादे वाक्य पुढे जाहिरातीत किंवा आरोग्यविषयक लेखात प्रमाण म्हणून उद्धृत होते, तेव्हा मात्र लेखकावर मोठी जबाबदारी येते. 'गावात हाड मोडल्यावर कांडवेलीचा लेप लावतात' ही नोंद आहे. 'कांडवेल अस्थिविकारांवर गुणकारी आहे' हा निष्कर्ष आहे. दोहोंमधील अंतर लेखनात स्पष्ट दिसले पाहिजे.

औषधविषयक नियमांतही हे अंतर पूर्णपणे भरून निघत नाही. २०१० मध्ये समाविष्ट झालेल्या नियम १५८-ब अन्वये ग्रंथोक्त आयुर्वेदीय योगांना परवान्यासाठी ग्रंथातील आधार पुरेसा मानला गेला. शतकानुशतकांच्या वापरामागील अनुभवाला मान देणारी ही भूमिका समजण्यासारखी आहे. परंतु ग्रंथाचा आधार भग्नाला आणि प्रत्यक्ष वापर मद्यजन्य अस्थिनाशाला, अशी परिस्थिती उद्भवली तर तो आधार आपोआप लागू होत नाही. हे सांगण्याचे काम विद्यापीठीय समीक्षेचे आहे.

या विषयाला कालमर्यादेचेही परिमाण आहे. एव्हीएनच्या प्रारंभीच्या काळात साध्या क्ष-किरण चित्रात दोष दिसत नाही. एमआरआय तपासणीत तो दिसतो. जांघेतील दुखण्याला वाताचे दुखणे समजून काढे, लेप आणि गुग्गुळाच्या गोळ्या यांत सहा-आठ महिने गेले, तर सांधा वाचविण्याची संधी निघून जाते. पस्तीस-चाळिशीतील कमावत्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ रोजगाराची हानी आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचा कुटुंबावर भार असा होतो. मद्यपान आधीच त्या कुटुंबाची घडी विसकटून गेलेले असते.

निष्कर्ष

१) मद्यजन्य अस्थिविकार या संज्ञेत हाडांची विरळता, अस्थिभंग आणि अस्थिनाश या तीन भिन्न अवस्था येतात. वनौषधीविषयक कोणत्याही विधानात यांपैकी कोणती अवस्था अभिप्रेत आहे, हे नमूद होणे आवश्यक आहे.

२) हाडजोडीसारख्या द्रव्यांना ग्रंथांचा आणि प्रयोगांचा आधार मुख्यतः अस्थिसंधानासाठी आहे. मद्यजन्य विकारापर्यंत तो परस्पर ताणता येत नाही. प्युअरारिनवरील संशोधन आश्वासक असले तरी ते प्राणिप्रयोगांपुरते आणि प्रतिबंधापुरते मर्यादित आहे.

३) चरक आणि सुश्रुत यांची मांडणी पाहता संयम, मद्यनिवृत्ती आणि पोषक आहार यांना उपचारात अग्रस्थान आहे. वनस्पतीला मद्यत्यागाचा पर्याय म्हणून पुढे करणे परंपरेलाही धरून नाही.

४) पुढील प्रयोगांत मद्यार्क थांबविलेला स्वतंत्र गट असावा, वनस्पतीचा प्रमाणित नमुना वनस्पतिसंग्रहालयात जतन केलेला असावा आणि हाडांबरोबरच यकृताच्या चाचण्याही नोंदविल्या जाव्यात.

५) मद्यत्यागाच्या मार्गावरील रुग्णास आसव-अरिष्टे देण्यापूर्वी त्यांतील मद्यार्काचा आणि सुरू असलेल्या अन्य औषधांचा विचार अनिवार्य आहे. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या व्यक्तीस जांघेत किंवा खुब्यात सतत वेदना होत असल्यास प्रथम एव्हीएनची तपासणी व्हावी.

वनौषधींचे स्थान या मर्यादांमुळे नाकारले जात नाही. मद्य सुटले आहे, आहार सुधारला आहे, यकृताची तपासणी झाली आहे आणि अस्थिविकाराचे नेमके निदान हाती आहे, अशा रुग्णात एखादी वनस्पती हाडांच्या पुनर्रचनेला साहाय्य करते काय, हा संशोधनयोग्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर अद्याप मिळावयाचे आहे. ते मिळण्यापूर्वीच ते मिळाल्याच्या भाषेत लिहिणे अभ्यासकांनी टाळले, तर वनौषधींच्या शास्त्राची विश्वासार्हता वाढेल आणि रुग्णाचा मोलाचा काळही वाचेल.